तानीबाईची बोटं

आज चतुर्दशी. उपवास माझा, आणि मन सकाळपासून तानीबाईच्या दारात.

तानीबाई इथंच निपाणीत, आमच्या मागच्या गल्लीत राहते. तीस वर्षं तिनं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटं सारखी चालू. अंगठा चेपून चपटा झालाय. पारमिता पोटात होती तेव्हा तिला एकच धास्ती, पोरीच्या बोटांतही विडी उतरेल. म्हणून माझं सातवीचं भूगोलाचं पुस्तक मागून नेलं. वाचता येत नव्हतं. विड्या झाल्या की हात धुऊन नुसती पानं उलटायची. आपल्या बोटांना कागदाची सवय लागली की बाळालाही लागेल म्हणे. तेव्हा मी हसले होते.

पुढं श्रद्धाच्या वेळी मीही वेगळं काय केलं? नऊ महिने रोज तीनदा स्तोत्राचा पाठ, एक चतुर्दशी चुकवली नाही. लेकीच्या रक्तातच धर्म उतरावा म्हणून.

तिची पारमिता आज कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझी श्रद्धा, वय सोळा, काल म्हणाली, "मला उपवास जमणार नाही, आई. कधीच."

आणि पुस्तक तर माझं होतं.

राहवेना, म्हणून सकाळी त्यांच्या घरी जाऊन पारमितालाच गाठलं. "आईनं कमावलेलं पोरीत उतरतंच की गं?"

"न्हाय हो आक्का. आपण शिकल्यालं रक्तातनं जात न्हाय. मला बघा, एक विडी धड वळता येत न्हाय."

चहा गाळता गाळता तानीबाई खदखदून हसली. "देव पावला बाई! आनि मी उगंच नऊ म्हैने पानं उलटत बसलो. तुमी उपाशी आक्का, न्हायतर चा दिला असता."

माझं उतरलं नाही म्हणून मी रडकुंडीला आलेली, आणि तिचं उतरलं नाही म्हणून ती हसतेय. देवा, क्षमा कर, पण जळले मी.

घरी येऊन पाठाला बसले. कानात तिचंच हसू. तेवढ्यात स्वयंपाकघरातून श्रद्धा ओरडली, "आई, सातवा श्लोक गाळलास!" आणि तो तिनं अख्खा म्हणून दाखवला, एक अक्षर न चुकता. मी तिला कधी शिकवला नव्हता.

वळून पाहिलं, तर हातात पोह्यांची बशी, गाल घासानं फुगलेले.

उद्या तानीबाईला हे मुद्दाम जाऊन सांगणार आहे. श्लोकाचं. पोह्यांचं नाही.