वजनदादांची दोरी

पडदा वर जातो. समोर नाट्यगृहाची मागची बाजू. विटांची उंच भिंत, तिच्यात सामान आत घ्यायचा भला मोठा दरवाजा आणि दरवाजापुढे गवताचा लांबट पट्टा. सकाळचं कोवळं ऊन. डावीकडे पायरीवर एक बाई मांडीवर फाटका झगा घेऊन शिवत बसली आहे. उजवीकडे उलट्या खोक्यावर मी, कारण खाली बसायचं म्हटलं की माझे गुडघे हल्ली रुसतात. आणि मधोमध, हातात बांबूची लांब, बारीक काठी घेतलेला एक काटकुळा म्हातारा. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ताच वाजवून घ्या. त्याच्या वाट्याला त्या कधी आल्या नाहीत.

हे आमचे वजनदादा. माझी उमेदीची वर्षं गेली ती या नाट्यगृहाच्या रंगमंचावर, आणि त्यांची गेली त्याच रंगमंचाच्या कडेला, काळोखात, दोर धरून. समोरचा मखमली पडदा तर ते ओढायचेच, शिवाय रंगवलेले राजवाडे, जंगलं, समुद्र, सगळं त्यांच्याच हातून वरून खाली यायचं आणि वर जायचं. नवीन सामान दारात आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "वजन किती?" म्हणून ते वजनदादा. स्वतः मात्र असे की जोराचा वारा सुटला तर आम्ही त्यांना म्हणायचो, "दादा, दोर घट्ट धरा, नाहीतर तुम्हीच वर जाल."

नवी पोरं विचारायची, एवढा राजवाडा तुम्ही एकटे कसा उचलता हो? तेव्हा दादा त्यांना कडेला नेऊन दाखवायचे. दोराच्या एका टोकाला राजवाडा आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पोती, जवळजवळ तितक्याच वजनाची. "मी कुठे उचलतो? पोतं उचलतं. मी त्याला फक्त सांगतो, चल आता."

मी त्यांचं एक देणं लागते, पैशातलं नव्हे. माझी आई गेली त्याच आठवड्यात आमचा प्रयोग होता. मी रंगून, सजून पडद्यामागे उभी राहिले. शेवटची घंटा झाली आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. बाहेर माणसं खचाखच. दादा कडेला उभे होते, दोर हातात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पडदा हललाच नाही. मॅनेजर धावत आला, दबक्या आवाजात किंचाळला, "अरे ओढ ना!" दादा शांतपणे म्हणाले, "दोर अडकलाय." मी दोन घोट पाणी प्यायले, डोळे टिपले, त्यांच्याकडे पाहून मान हलवली. तत्क्षणी दोर सुटला. तो दोर जन्मात कधी अडकला नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि मॅनेजरलाही. त्या संध्याकाळी मी उभी राहिले ती त्या थापेच्या आधाराने.

तर अशा माणसाने "उद्या सकाळी जरा याल का?" म्हटल्यावर मी न येऊन कसं चालेल?

आता त्या काठीबद्दल. ती दादांच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने तासलेली. पायरीवर शिवत बसलेल्या त्या वहिनी, आमच्या कंपनीचे कपडे सांभाळणाऱ्या, त्यांच्या वडिलांची. सुट्टीच्या दिवशी दादा ती घेऊन नदीवर जायचे. ही मासेमारी जरा निराळी. गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून माशीसारखं काहीतरी बनवतात आणि मासा त्याला किडा समजून फसतो. पण ही पिसांची माशी इतकी हलकी की भिरकावली तरी नाकापुढे पडेल. म्हणून वजन असतं ते दोरीलाच. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. दोरी उडते आणि माशी तिच्या शेपटाला धरून जाते.

दोन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हातात पूर्वीचा जोर राहिला नाही. काठी कपाटामागे गेली. तिच्यासोबत आलेली जुनी दोरी पडल्या पडल्या तडकली. मग वहिनींचा भाचा घुटमळायला लागला. "काका, नाहीतरी पडूनच आहे ना?" पोरगा वाईट नाही, मागत होता तेही प्रेमानेच. शेवटी दादा म्हणाले, "रविवारी घेऊन जा." मग मला म्हणाले, "त्याआधी एकदा बघतो. गवतावर. जमलं तर माझी, नाही तर त्याची. तुम्ही या. एक तरी प्रेक्षक हवा."

"अहो, मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणून तर बोलावलं. जाणकार फार बोलतात."

आदल्या दिवशी आम्ही दोरी आणायला गेलो होतो. मासेमारीच्या सामानाचं बोळातलं दुकान, आत सरस आणि रबराचा वास. दुकानदाराने काठी हातात घेतली, टोक छताला टेकवून हळूच वाकवली, आकडा शोधला. काठीवर आकडा असतो, त्याच आकड्याची दोरी घ्यायची. लहान आकडा म्हणजे हलकी, मोठा म्हणजे जड. पण घरी तासलेल्या काठीवर कसला आकडा?

"सहा नंबर न्या," दुकानदार म्हणाला. "पाण्यावर तरंगणारी."

"सहा? माझा हात बघताय ना? तीन द्या. हलकी."

"काका, हाताचं नाही, काठीचं बघायचं असतं."

"काठी कोण उचलणार, तुम्ही?"

दुकानदार हसला. त्याने तीन नंबर बांधून दिली आणि वर सहा नंबरचं रीळही पिशवीत टाकलं. "लावून बघा. नको असली तर परत आणा." मी दोन्ही रिळं हातात तोलून पाहिली. फरक चमचाभर साखरेचा असेल-नसेल.

आता गवतावर. गळाच्या जागी वहिनींनी लाल लोकरीचा तुकडा बांधून दिला होता, कुणाच्या कानात रुतायला नको म्हणून. दादांनी काठी मागे नेली, पुढे आणली. तीन नंबरची दोरी उसवलेल्या स्वेटरसारखी त्यांच्या पायाशी गोळा झाली.

"सवय गेलीय," दादा म्हणाले.

पुन्हा. पुन्हा तेच. काठी वाकतच नव्हती, नुसती हलत होती. दादा जोर लावायला लागले. खांदा उचलून, दात आवळून, सगळं अंग पुढे ढकलून. कपाळावर घाम आला. लाल लोकर त्यांच्याच टोपीवर येऊन बसली. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण त्यांनी ती काढून टाकली ती डाव्या हाताने.

"पुरे झालं," ते हळूच म्हणाले. "देऊन टाकू पोराला."

वहिनींनी वर न बघता दोरा दातांनी तोडला. "अहो, एवढा जोर तर त्या राजवाड्यालाही लावला नव्हता तुम्ही!"

दादा मला म्हणाले, "ऐकताय ना? टोमणे बघा हिचे." आणि मध्येच थांबले. काठीकडे पाहिलं. पायाशी पडलेल्या दोरीकडे पाहिलं.

"राजवाडा मी कुठे उचलत होतो?" ते स्वतःशीच म्हणाले.

मग एकदम वळले. "अगं, ती दुसरी दोरी काढ. जड. लवकर!"

"आत्ता तर म्हणालात, पुरे."

"तेव्हा मी मूर्ख होतो! जन्मभर पोती बांधली आणि इथे पोतंच काढून टाकलं. हलकी दोरी काठीला वाकवणार कशी? काठी वाकली नाही तर सगळं मलाच ढकलावं लागणार ना!"

त्यांची बोटं गाठ मारताना चुकत होती. वहिनींनी झगा बाजूला ठेवला, हलकी दोरी उतरवली, जड जोडली, काठीच्या चक्रीवर चढवली आणि टोकाला लाल लोकर बांधली. शिवणकामातली बोटं ती, गाठ दिसलीसुद्धा नाही.

दादा उभे राहिले. या वेळी खांदा खाली, कोपर अंगाशी. काठी मागे गेली. दोरी डोक्यावरून मागे उलगडली आणि दादा थांबले. तो थांबा मी ओळखला. कडेला दोर धरून, माझ्याकडे बघत ते असेच थांबले होते. मग काठी धनुष्यासारखी वाकली, सरळ झाली, आणि दोरी पुढे निघाली ती लांबच लांब, घाई न करता, उलगडत उलगडत. लाल लोकर गवताच्या पार टोकाला अलगद टेकली.

मी टाळ्या वाजवल्या. उभी राहून, गुडघ्यांना न विचारता. इतकी वर्षं मी वाकून टाळ्या घेतल्या. त्यातल्या अर्ध्या ज्यांच्या होत्या त्यांना परत करायची संधी मिळाली, याबद्दल मी त्या सकाळची ऋणी आहे. दादांनी टोपी काढली, माझ्यासारखंच छातीवर हात ठेवून वाकून दाखवलं. नक्कल चांगली होती.

वहिनी डोळे पुसत होत्या आणि ऊन डोळ्यांत जातंय म्हणत होत्या. "मग भाच्याला काय सांगू? रविवारी यायचाय तो."

दादा दोरी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "येऊ दे की. जेवायला ये म्हणावं. मासा बाजारातून आणीन, काठी मात्र मिळायची नाही."