तिसरी नितळ सकाळ

आज सलग तिसऱ्या सकाळी माझ्या लेकीची, ईराची लघवी काचेच्या नळीत तापवली आणि ती पांढुरकी झाली नाही! नळीतून पलीकडच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचता येत होते. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाणं थांबलं होतं. मी बाल्कनीतूनच ओरडलो, "नितळ आहे गं, ईरा!"

बरं झालेलं दुखणं उलटलं ते माझ्यामुळे. स्टिरॉइडने तिचे गाल फुगले, वर्गातली मुलं 'लाडू' म्हणू लागली, ती घरी येऊन रडली, आणि मी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत तिच्या पापण्या सुजल्या आणि गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. माया करताना माणसाला विचारायचं सुचत नाही; आपलंच बरोबर वाटतं.

ईरा धावत आली. नळी उजेडात धरून नाचलीच. "मग आता गोळी बंद ना, बाबा?"

"नाही बाळा. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची."

"आणि परत लाडू म्हणाले तर?"

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. ती गिळून ईरा वर पाणी प्यायली.

"म्हणू देत. तू मात्र त्यांचं ऐकू नकोस हं, बाबा."