इस्त्रीचा शर्ट आणि याडीचा फेटिया

दिग्रसजवळच्या तांड्यावरच्या याडीनं मला घरात घेतलं, हे आधी सांगतो. बंजारा लोक आईला याडी म्हणतात. माझी आई लांब, सांगलीकडं.

आठवीत शाळा सोडून मी सिनेमाच्या कपडेवाल्यांकडं हेल्पर लागलो. नव्या कपड्याला पॉलिश पेपर घासायचा, चहाचं पाणी मारायचं, की तो गरिबाचा दिसतो. हेच माझं काम. आमचे सर म्हणजे आधी हिरो, मग इन्स्पेक्टर, मग हिरोचा बाप आणि आता स्वतःच निर्माते. एवढ्या वर्षांत पडद्यावर गवंडी झाले तरी अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. माझी आई तर त्या शर्टावरच फिदा.

सरांच्या पिक्चरचं शूटिंग दिग्रसजवळ लागलं. गर्दीच्या सीनला तांडा आला तो सणाचे कपडे घालून. आपला हिरो आलाय, मग काय फाटकं नेसून जायचं? याडीनं लग्नातला फेटिया काढला होता, स्वतःच्या हातानं आरसे भरलेला घागरा. सरांनी मॉनिटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, "ये लोग गाँव के लगते ही नहीं." झालं! आमच्या कपडेवाल्या दादांनी पॉलिश पेपर माझ्या हातात कोंबला आणि याडीकडं बोट केलं.

अजून डोकं तापतं माझं. गावातल्या माणसानं गावातलं कसं दिसायचं, हे यांनी ठरवायचं? मी पेपर धरून नुसता उभा. नोकरी जाईल हे कळत होतं, पण हात काही पुढं होईना. याडीनं फेटिया मुठीत आवळला आणि थेट सरांना विचारलं, "साहेब, तुमी गवंडी झालते तवा तुमच्या शर्टाले इस्त्री होती. मंग आमीच काहून मळके?"

सर हसले. तिला फ्रेमबाहेर काढा म्हणाले. दादांनी मला कामावरूनच काढलं. संध्याकाळी माझी बॅग गाडीतून खाली आली आणि गाडी निघून गेली. तांड्यातली माणसं बघत होती, मला मेल्यासारखं झालं.

"चाल बाबू," याडी म्हणाली. "माह्या फेटियाले हात नाई लावला तू. आता भाकर खाय."

तिनंच मला दिग्रसला एका टेलरकडं लावून दिलं. तिथंच आहे मी. उद्या काय, ही धाकधूक असतेच. पण माझं स्वतःचं दुकान निघेल तेव्हा फीत कापायला कुठला हिरो येणार नाही. याडी येईल, तोच फेटिया घालून. फोटोत मधोमध तीच उभी राहील.