तंबूची झालर आणि माझा अहवाल

आमच्या घरात एक गोष्ट हसत सांगतात. तरुणपणी माझं इंग्रजी कच्चं होतं, अहवालात शब्द चुकला आणि एका फर्राशाची नोकरी गेली. ही गोष्ट मीच पसरवली आहे आणि ती खोटी आहे. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो.

संस्थानी काळात मी ग्वाल्हेरला सरकारी तंबूंच्या कोठारात इंग्रजी कारकून होतो. वरचे साहेब जवळच्या मुरार छावणीत असत आणि कागद वाचूनच निकाल देत. कुठलंही नुकसान असो, मी ‘बर्न्ट’ लिहायचो. एकदा त्यांनी बोलावून घेतलं.

“तुमच्याकडे सगळं एकसारखंच जळतं का?”

मग त्यांनी समजावलं. ठिणगीनं वरवर होरपळलं तर ‘सिंज’, धग लागून करपलं तर ‘स्कॉर्च’, कोळसा झाला तर ‘चार’. शब्दावरून चूक कोणाची ते कळलं पाहिजे, म्हणाले. मी ते पाठ केलं.

तंबू उभारणारा आमचा फर्राश म्हातारा होता. थंडीत दवानं भिजलेला तंबू वाळवायला आत शेगडी ठेवत. ती तो बरोबर मधोमध ठेवी. एका सकाळी तो पाणी आणायला गेला. मी घरच्यांना चोरून सिगारेट ओढायचो, म्हणून तंबूच्या आत आडोशाला शिरलो. सिगारेटची ठिणगी उडाली आणि तंबूची रेशमी झालर हातभर होरपळली. मी विझवून बाहेर सटकलो.

त्यानं परत येऊन तेवढा तुकडा कापून टाकला, नवी झालर शिवली आणि मग सरळपणे येऊन मलाच वर्दी दिली. आता पाहायला काही उरलंच नव्हतं.

“अहो, लिहा लवकर, मुरारचा टांगा खोळंबलाय!” हेडक्लार्क ओरडले.

‘सिंज’ लिहिलं असतं तर ठिणगी कुठली, याची चौकशी झाली असती. मी ‘स्कॉर्च’ लिहिलं. म्हणजे फर्राशानंच शेगडी कापडाजवळ सरकवली होती, असा त्याचा अर्थ निघे.

“क्या लिखा, बाबूजी?” फर्राशानं विचारलं.

“झालर जल गई, बस.”

“आपने लिखा है तो सही होगा.” त्यानं अंगठा उठवला.

आठवड्याभरात त्याला काढलं. पुढं नई सडकेवर तो रजया शिवताना दिसला. मला पाहून उठला.

“बाबूजी, आपने बचा लिया. दूसरा कोई लिखता तो हम जेल में होते.”

“अरे, नहीं नहीं,” मी म्हणालो. त्याला तो माझा मोठेपणा वाटला. त्यानं चहा मागवला आणि मी तो प्यायलो.

त्याची मुलं ग्वाल्हेरातच हजीरा वस्तीकडं राहत. बाप निष्काळजी होता, असंच समजून ती वाढली असतील. घरच्यांनी त्यांना शोधावं आणि हा कागद वाचून दाखवावा. मराठी कळली नाही तर हिंदीत सांगावं. माझं वय सांगून मला सांभाळून घेऊ नये.