शिंपी की वटवट्या

आज सकाळी देवासमोर दिवा लावून उठते तोच कुंपणापलीकडून हाक आली, "वहिनी, चष्मा घेऊन या! पाखरू आलंय."

शेजारचे मास्तर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता मोतीबिंदूमुळे सुईत दोरा ओवता येत नाही. मशीन चादरीखाली झाकलेलं, पण मापाचा टेप अजून गळ्यात असतो. ताई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. दिवसभरातलं बोलणं काय ते माझ्याशी, तेही कुंपणावरून.

मागच्या माळावर काटेरी झुडपात एका पाखरानं पानं शिवून घरटं केलंय. दरवर्षी करतं. मास्तर म्हणायचे, शिंपी. "टाके बघ. उडताना कात्रीसारखं चुटचुट वाजतं. आमच्याच धंद्यातला!" ताई म्हणायच्या, वटवट्या. "कात्री वाजली की सगळे तुमचेच भाऊबंद!" अगदी शेवटच्या आजारपणातही दोघांचं हेच चाललेलं. निकाल राहूनच गेला. तो एकदाचा लागावा, म्हणून मास्तर माझ्या मागे लागले होते.

ह्यांनी वाचनालयातून आणलेलं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन मी गेले.

"डोकं विटकरी आहे ना?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, राखाडी."

"पाठ तरी हिरवट?"

"तीही राखाडी. पोट फिकट तांबूस."

"उन्हानं रंग उडाला असेल."

"मास्तर, पाखरू आहे ते, पडद्याचं कापड नव्हे."

ते हसले. मी पुढचं वाचलं. शिंपीच आहे म्हणून टाकावं, म्हाताऱ्याचं मन राहील, असं वाटलं. पण नुकतीच देवासमोरून उठलेली, जीभ रेटेना.

"राखी वटवट्या आहे. तोही पानं शिवतो. आणि उडताना चुटचुट वाजतं ते ह्याचंच."

मास्तर टेप गुंडाळत राहिले. सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे.

"उभ्या जन्मात तिला एकच सांगत आलो, वटवट थांबव." मग झुडपाकडे तोंड करून म्हणाले, "जिंकलीस गं बाई."

पाखरू आपलं बोलतच होतं.

मी निघाले तसे म्हणाले, "वहिनी, उद्या परत एकदा बघाल? आज उजेड नीट नव्हता."

ऊन लख्ख पडलं होतं. मी म्हटलं, "बघते."