तेलाच्या डागाचं पान

वत्सला गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेच्या तपासणीसाठी यादी करत होते. तिची सून दारात येऊन म्हणाली, "बाई, आई गेली." मी हातातला कागद बाजूला सारून नवा घेतला. तारकर्लीला तिच्या भावाकडे कोण जाणार, मुंबईच्या मुलाला तार कोण करणार, लाकडं कुठून आणायची... सून माझ्या लिहिण्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "बाई, लोकांनी सगळा केल्यानी. तुमी फक्त चला." वत्सलाच्या बाबतीत हे आयुष्यभर असंच झालं. मी यादी करायची, आणि तिचं काम यादीवाचूनच होऊन जायचं.

तिच्या अंगणात माणसं मावत नव्हती. मासळीबाजारातल्या बायका टोपल्या कुंपणाबाहेर ठेवून आल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "आमची राणी गेली गो." माझ्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत, हे मी तिथे उभ्याउभ्याच ताडून घेतलं. पाच आठवडे झाले त्याला. तेव्हा मनात आलेलं ते लपवून तिच्याविषयी चांगलं चांगलं लिहिता आलं असतं, पण मग ते तिच्याविषयी झालं नसतं.

आम्ही आचऱ्यात शेजारी वाढलो, एका विहिरीच्या पाण्यावर. चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी शिकून शिक्षिका झाले, ती लग्न करून चार घरं पलीकडे गेली. तिचे वडील दशावतारात बायकांची कामं करायचे. दशावताराला लिहिलेली वही नसते, कथा ठरलेली असते आणि बोलणं उभं राहिल्यावर ज्याचं त्यानं करायचं असतं. मला लहानपणी याची भीतीच वाटायची. मी तिला विचारलं होतं, "तुझे बाबा एवढं पाठ कधी करतात?" ती पेरू खात म्हणाली, "पाठ कित्याक करूचा? उभ्या रवल्यावर येता."

पन्नासच्या दशकात आमच्या शाळेत पास्कू मास्तर इंग्रजी शिकवायला आले. त्यांचं आजोळ गोव्याचं, शिक्षण मुंबईचं, आणि डोक्यात एकच वेड. जगातली जुनी नाटकं इथल्या माणसांनी करायची. त्यांनी एक ग्रीक नाटक मराठीत उतरवलं. राणीचा मुलगा समुद्रात बुडतो आणि जासूद ती बातमी घेऊन येतो, एवढं मुख्य कथानक. नाटकाचं नाव इतकं अवघड होतं की गावानं त्याला 'राणीचो खेळ' करून टाकलं. मास्तरांच्या गिचमिड कागदांवरून पक्की प्रत मी केली. चार वेळा उतरवता उतरवता राणीची सगळी भाषणं मला पाठ झाली. आरशासमोर करूनही पाहिली. वाचनाच्या दिवशी मी इस्त्रीचं लुगडं नेसून गेले होते.

मास्तर सर्वांचं ऐकून म्हणाले, "राणी वत्सलाबाई." मग माझ्याकडे वळले. "कुसुमबाई, तुमच्याइतके स्वच्छ उच्चार इथे कोणाचे नाहीत. विंगेत वही तुम्हीच धरायची." माझ्या शुद्ध उच्चारांचं बक्षीस म्हणजे ते उच्चार कोणाला ऐकू येणार नाहीत अशी जागा! मी बरं म्हटलं आणि सामानाची यादी करायला घेतली. शिरस्त्राणं सहा, नारळाच्या मोठ्या सोडणांची, वर पितळी रंग. झगे आठ, जुन्या धोतरांचे. खेळ दुपारी तीनला, म्हणजे बायकांना दिवेलागणीच्या आत घरी पोचता येईल. ही कल्पना माझी होती. गावात ती मास्तरांची म्हणून सांगतात.

तालमीला वत्सला केसांना खोबरेल चोपडून यायची आणि तेच हात माझ्या वहीला लावायची. मुलगा बुडाल्याच्या बातमीनंतरचं राणीचं बावीस ओळींचं भाषण तिला काही केल्या बसेना, म्हणून ते पान ती सारखं उघडायची. एके दिवशी त्यावर तिच्या अंगठ्याचा एवढा मोठा डाग पडला की पाठीमागची अक्षरं दिसायला लागली. मी चिडले. ती म्हणाली, "रागावतंस कित्या? आता ह्या पान तुका लगेच गावतला." तिच्या तोंडी समुद्राला उद्देशून 'हे उदधे, निष्ठुरा' आलं की सगळे हसायचे, तीही हसायची. जासुदाचं काम करणारा होडीवाला जयराम म्हणायचा, "वत्सले, तुझा मराठी ऐकान माझी होडी बुडात."

खेळाच्या दिवशी शाळेच्या पटांगणातला मांडव भरला. पुढे सगळ्या बायका. ज्यांची माणसं दर्यावर जातात, त्या. जयराम धापा टाकत आला, बातमी सांगितली, गुडघ्यावर बसला. वत्सला पुढे झाली. 'हे उदधे' म्हणाली आणि थांबली. पुढचं गेलं होतं. तिने मान न वळवता डोळे माझ्याकडे वळवले. वही माझ्या मांडीवर, पान उघडं, ओळ माझ्या जिभेवर... आणि मी गप्प बसले. समोरच्या विंगेतून मास्तर हातवारे करत होते. मी वहीत खाली बघितलं. हसू दे एकदा लोकांना, एवढंच माझ्या मनात होतं.

वत्सला खाली बसली. जयरामच्या खांद्यावरचा पंचा तिने हातात घेतला, चाचपला आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाली, "माझो झील जेवान गेल्लो काय रे? काय उपाशीच गेलो?"

जयरामला यावर काही बोलायचं नव्हतं, वहीत नव्हतंच. ती पुन्हा म्हणाली, "सांग मरे. जेवलेलो काय तो?" मग तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी कोळीण उभी राहिली आणि हुंदका आवरत म्हणाली, "जेवान गेलो गो बाय. पोटभर जेवान गेलो." त्यानंतर सबंध मांडव रडत होता. मास्तर रडत होते. मी रडत नव्हते. ती बाई कोण, तिचा कोण गेला होता, हे मला माहीत होतं, तरी मी रडले नाही. बावीस ओळी माझ्या तोंडात तशाच राहिल्या होत्या.

त्या दिवसापासून ती गावाची राणी झाली. मासे घ्यायला गेली तरी "राणी इली, वायच सरा." पुढे मास्तरांनी आणखी तीन परदेशी नाटकं केली, सगळी मालवणीत, सगळ्यांत मुख्य काम तिचं. मी यादी, वही आणि शिरस्त्राणं सांभाळली. मास्तरांनी मला दोनदा सांगितलं होतं, वत्सलाबाई जे बोलल्या ते त्या पानावर लिहून ठेवा. मी लिहिलं नाही. विसरले म्हटलं.

शेवटची भेट या पावसाळ्यानंतरची. ती अंथरुणावर होती, केसांचा नुसता झुपका उरला होता, त्यालाही तेल लावलेलं. मी औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावत होते. मागून म्हणाली, "कुसू, त्या दिवसा तू गप कित्या रवलंस?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी भिंतीकडेच बघत म्हटलं, "पान सापडलं नाही."

ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. "तुका? तुका पान गावाक नाय? अगो, माझ्या तेलाचो डाग आसा त्या पानार. आंधळ्याक गावतला!" मग खोकला थांबल्यावर, "ऱ्हवांदे. तू बोललं असतंस तर मी तुझाच बोललं असतंय." मी खिळा ठोकत राहिले. माफी मागायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नाही हे कळत होतं... मागितली नाही. माझ्या दुष्टाव्याचंही तिने सोनं करून ठेवलं होतं, आणि तेही मला सहन झालं नाही.

आता गावातलं नाटकमंडळ तिच्या आठवणीसाठी 'राणीचो खेळ' पुन्हा करणार आहे. मास्तर, आता पुष्कळ थकलेले, स्वतः घरी आले. म्हणाले, "राणी तुम्ही करा, बाई. सगळं तुम्हालाच पाठ आहे." याच वाक्याची मी इतकी वर्षं वाट बघितली होती. हो म्हटलं. नाही म्हणण्याइतकी मी मोठी नाही.

काल कपाटातून वही काढली. उघडायला गेले तर ती आपणहून त्याच पानावर उघडली. डाग पिवळा झाला आहे, पण अंगठा ओळखू येतो. समासात मी तिचे शब्द लिहिले, म्हातारीचं उत्तरही लिहिलं. मग दार लावून बावीस ओळी म्हणून पाहिल्या. एकही चुकली नाही, आणि ऐकायला काही नव्हतं. तिचे शब्द म्हणायला गेले, तर ते तिचेच राहिले.

नेहमीप्रमाणे यादी केली आहे. शिरस्त्राणं सहा, दोन नवीन करावी लागतील. झगे आठ. विंगेत वही कोण धरणार, यासमोर जयरामचं नाव लिहिलं आहे आणि त्याला एक सूचना. तेलाच्या डागाच्या पानावर मी अडले तर त्याने बोलायचं नाही. कितीही वेळ गेला तरी.