दाताचं इंजेक्शन

जळकोटला आमच्या शेजारचे काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकायचे. बोलताना थांबून ते स्वतःची नाडी बघत, "ठीक हाय" म्हणत आणि राहिलेलं वाक्य पुरं करत.

पुढचे दात हलायला लागले तरी ते दवाखान्यात जाईनात. मागे एकदा हृदयाचं न सांगताच त्यांनी दाढेसाठी भुलीचं इंजेक्शन घेतलं होतं. तेव्हा छाती इतकी धडधडली, की आता संपलंच असं त्यांना वाटलं.

"दात गेले तर जाऊ द्या, जीव तर राहील," ते म्हणायचे.

हिरड्यांत पू झाला तेव्हा मी त्यांना बळंच लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. मग छातीची धडधड वाढवणारं अ‍ॅड्रेनलिन नसलेली भूल हळूहळू दिली. छाती शांत राहिली.

"असं इंजेक्शन पहिल्यापासून हाय का?" काकांनी विचारलं.

"हो काका. फक्त हृदयाचं सांगायला पाहिजे. लवकर आला असतात तर दात वाचले असते."

वरचे पुढचे चारही दात काढावे लागले.

जखम भरल्यावर त्यांनी अंगणात बसून क्लॅरिनेट तोंडाला लावलं. वरच्या दातांचा टेकूच नव्हता, नुसती हवाच निघाली. पुन्हा फुंकून बघितलं, मग ते पुसून पेटीत ठेवलं.

"बँडवाल्याला सांग," ते काकूंना म्हणाले, "दुसरा माणूस बघा म्हणावं."